शिळं

आज पहाटे जमीन कोरडी होती.
मी सवयीने वाकले, तळहात फिरवला,
बोटांना लागली ती नुसती माती,
यार्देनच्या या तीरावरची,
आता आपली म्हणायची माती.
बायका तंबूंच्या तोंडाशी उभ्या, टोपल्या रिकाम्या.
कुणी कुणाकडे बघेना.

चाळीस वर्षं आम्ही एक प्रश्न खाल्ला.
पहिल्या सकाळी कुणीतरी विचारलं, 'हे काय?'
आणि तेच त्याचं नाव पडलं.
धण्याएवढं, पांढरं, जिभेवर मधाचं.
ऊन चढलं की वितळून जायचं,
जसं काही दिलंच नव्हतं कुणी.

माझी आई अझूबा.
नावाचा अर्थच टाकलेली.
मिसरात तिने विटांसाठी धसकटं वेचली,
बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी चिखलात उभी राहिली,
आणि दूध आटलं.
माझा भाऊ यामीन त्या हिवाळ्यात गेला.
'मडक्यात मूठभर जव असते तर...'
हे वाक्य तिने कधीच पुरं केलं नाही.

वाळवंटात रोज बजावलं जायचं :
आजचं आज संपवा, उद्याचं उद्या मिळेल.
रोज रात्री ती थोडं मागे ठेवायची.
मडक्यावर फडकं, फडक्यावर दगड,
दगडावर स्वतःचा हात.
पहाटे वास सुटायचा. आत किडे.
ती तंबूमागे जाऊन मडकं वाळूने घासायची,
शेजारणी नाक दाबायच्या,
काठीवाला संतापायचा,
बाबा चपलेचा बंद बांधत बसायचे, बांधलेलाच.
आणि रात्री पुन्हा फडकं, दगड, हात.

मी एकदा विचारलं, तुझा विश्वास नाही का त्याच्यावर?
म्हणाली, 'समुद्र दुभंगला तेव्हा मी त्यातून चालले,
पाऊल ओलं झालं नाही.
मला आहे गं विश्वास.
पोटाला नाही.'

सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं,
आणि ठेवलेलं नासायचं नाही.
त्या पहिल्या शब्बाथाला तिने दगड काढला, फडकं काढलं,
नाक आत घातलं.
गोड. कालचं. जसंच्या तसं.
बाहेर सगळे स्तुती गात होते.
ती मडक्याशी बसून राहिली,
मग हळूच म्हणाली,
'म्हणजे येतं की त्यालाही, शिल्लक टाकायला.'

आठवड्यातून एक दिवस देव माझ्या आईसारखा वागायचा.
बाकीचे सहा दिवस
ती त्याला सवय लागायची वाट बघायची.

लावे पडले त्या वर्षी लोक दोन दिवस नि एक रात्र
ढीग करत होते, घास दातांत असतानाच मरत होते.
तेव्हा तिने एक पंखही ठेवला नाही.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

नदीपार तिला पोचायचं नव्हतं.
तिच्या वयाच्या कुणालाच नव्हतं, तसं ठरलंच होतं,
संशय घेतला म्हणून.
वाळूत पुरलं आम्ही तिला आणि दुसऱ्या दिवशी तळ हलला.
मडकं मी पाठीला बांधून आणलं.

काल इथले जव भाजून खाल्ले,
कुणा परक्याने पेरलेले.
म्होरक्या सांगत फिरला,
'सगळं खाऊ नका. बियाण्याला ठेवा.'
ठेवा.
हा शब्द ऐकायला तिला
चाळीस वर्षं जगावं लागलं असतं.

रात्री मी मडकं भरलं. फडकं, दगड.
हातही ठेवला, थोडा वेळ.
आत्ता उघडून वास घेतला :
जव, धूर,
आणि तळाशी खोल, इतक्या वेळा घासूनही न गेलेलं
ते जुनं काहीतरी.

पाऊस झाला की हेच दाणे
मातीत फेकायचे म्हणतात,
पोटभर असलेले, हातातले,
आणि पाठ फिरवून घरी यायचं.

आई, तुला जमलं असतं?
मी मूठ उघडून बघतेय.
अजून तरी उघडत नाही.